तहाचा पेला आणि सहा बाटल्या

महापालिकेच्या प्रयोगशाळेची खिडकी सकाळी साडेआठला उघडते आणि माणसं बाटली घेऊन रांगेत उभी राहतात. बाटली प्लॅस्टिकची, अंगठ्याएवढी, लाल झाकणाची. आत काय आहे ते रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, त्यामुळे कुणी कुणाच्या हाताकडे बघत नाही. बाटली वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. एकाने भेटवस्तूच्या चकचकीत कागदात बांधून आणली होती, वर फीत लावून. एका आजोबांनी, कमी पडायला नको म्हणून, कॉफीची बरणी काठोकाठ भरून आणली.

"आजोबा, चमचाभर पुरतं."

"असू द्या की. घरचंच आहे."

खिडकीआडच्या बाई हसल्या नाहीत. सव्वीस वर्षं त्या हेच काम करतात. बरणी घ्यायची, नोंद करायची, नमुन्याचा कणभर भाग तारेच्या टोकावर उचलून जेलीच्या बशीत पसरायचा, बशी उबदार कपाटात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उजेडात धरून काय उगवलंय ते बघायचं. गुलाबी ठिपके ही पोटातली रोजची मंडळी. फिकट, बिनरंगी ठिपका दिसला की तो संशयित. मग त्याची पुढची चौकशी. शहरात कुणाचं पोट कशानं बिघडलंय हे शहराच्या आधी या बाईंना कळतं.

एवढी वर्षं जंतूंच्या शेजारी बसून त्या एकदाही आजारी पडल्या नाहीत, कारण त्या हात धुतात. दिवसातून तीसेक वेळा, साबणाने, बोटांच्या बेचक्यांसकट, किमान वीस सेकंद. सेकंद मोजायचा त्यांना कंटाळा येतो. म्हणून त्या नाटकातलं एक भाषण म्हणतात.

नाटक हे त्यांचं दुसरं आयुष्य. संध्याकाळी सहा ते आठ. शहरातल्या हौशी मंडळीत त्या एकोणीस वर्षं प्रॉम्प्टर आहेत. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं, वही मांडीवर घ्यायची आणि रंगमंचावर कुणाची दांडी उडाली की पुढचं वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचेल पण पहिल्या रांगेपर्यंत पोचणार नाही अशा आवाजात पुरवायचं. त्यांना मंडळीत सगळे 'कुजबुजताई' म्हणतात. एकोणीस वर्षांत सतरा नाटकं त्यांनी शब्दन् शब्द म्हटली, सगळी कुजबुजत. मोठ्या आवाजात एकही वाक्य नाही. त्याबद्दल त्या काही बोलत नसत. पण बेसिनसमोर दिवसातून तीस वेळा राणीचं भाषण म्हणणाऱ्या बाईला काय हवंय हे कळायला फार अक्कल लागत नाही.

या वर्षीचं नाटक होतं एका राणीचं आणि तिच्या सरदारांचं. दुसऱ्या अंकात सेनापती आणि पाच सरदार राणीपुढे तहाला बसतात. राणी उठते, सोन्याचा पेला उचलते आणि म्हणते: "हात पुढे करा, सरदारहो! तहाला बसण्याआधी मला तुमचे हात पाहायचे आहेत. तलवारीनं पडलेले घट्टे मला चालतील, लगामानं सोललेली बोटं मला चालतील. पण ज्या हातानं पाठीत सुरा खुपसला, तो हात या पेल्याजवळ येणार नाही!"

बरोबर बावीस सेकंद. साबण लावून धुवायला उत्तम.

यानंतर तहाचा विधी. दिग्दर्शक 'मास्तर', म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, यांनी तो स्वतः बसवला होता आणि त्यावर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम होतं. राणीनं पेल्यात बोट बुडवायचं, एक घोट घ्यायचा आणि पेला पुढच्याला द्यायचा. त्यानं बोट बुडवायचं, घोट घ्यायचा, पुढच्याला. असे सात जण.

"खरं पाणी, खरा घोट!" मास्तर बजावायचे. "गळा हलला पाहिजे. प्रेक्षकांना गळा दिसतो."

पेल्याची व्यवस्था घड्याळवाल्यांकडे होती. हे गृहस्थ दिवसा घड्याळं दुरुस्त करतात आणि संध्याकाळी मंडळीचं सामान सांभाळतात. पेला त्यांनी स्वतः रंगवला होता, आतून-बाहेरून, सोनेरी, वर लाल-हिरवी रत्नं. कुठून आणला विचारलं की म्हणायचे, "जुन्या बाजारातून. राजघराण्यातला असावा." त्यांचे पेल्याबाबत दोन नियम होते. एक, धुवायचा नाही, सोनं जाईल. दोन, रिकामा करायचा नाही, कोरडा पडला की आतल्या रंगाचे पापुद्रे निघतात. तालीम संपली की उरलेल्या पाण्यासकट पेला पत्र्याच्या पेटीत बंद. दुसऱ्या दिवशी वर नळाची भर. अशा प्रकारे पेला महिनाभर रिकामा झाला नव्हता आणि याचा सगळ्यांना अभिमान होता.

तालमीचा हॉल पाणीपुरवठा कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. तिथल्या एकुलत्या एका बेसिनला करंगळीएवढी धार यायची. साबण होता, पण तो दोन नाटकांपूर्वी एका दृश्यासाठी सामानाच्या यादीत चढला आणि तेव्हापासून पेटीत कुलुपात होता.

प्रयोगाला तेरा दिवस उरले असताना, एका सोमवारी, दोन गोष्टी घडल्या. कुजबुजताईंचा बावन्नावा वाढदिवस होता, म्हणून त्यांनी घरी भाजलेली बिस्किटं डबाभर आणली. आणि सेनापतीचं काम करणारे शिंपीकाका पोट धरून तालमीला आले.

"काका, घरी जा," कुजबुजताई म्हणाल्या.

"छे गं! नातवाच्या पाळणाघरातली सगळी पोरं बसलीत पोट धरून, त्यातलंच थोडंसं. सेनापती रण सोडत नसतो."

सेनापतीने त्या संध्याकाळी रण चार वेळा सोडलं. चारही वेळा धावत गेला, करंगळीएवढ्या धारेखाली हात दाखवून धावत आला आणि पेल्यात बोट बुडवून तह केला.

बुधवारी दोन सरदार आले नाहीत. एकाच्या घरी मास्तरांनी फोन लावला तर बायको म्हणाली, "ते आत आहेत." दहा मिनिटांनी परत लावला. "अजून आत आहेत." तिसऱ्यांदा तिने सरळ सांगितलं, "मास्तर, तिथे फोन नेता आला असता तर मी दिला असता."

"कुजबुज, जरा उभी राहा सरदारांच्या जागी," मास्तर म्हणाले. "तुला पाठ असेल ना?"

पाठ असेल ना! कुजबुजताई स्टुलावरून उठल्या आणि सरदाराची दोन वाक्यं कुजबुजल्या.

"जरा मोठ्यानं."

त्यांनी जोर लावला. आवाज विंगेपर्यंत गेला आणि सवयीने तिथेच थांबला. पेल्यापर्यंत दृश्य पोचायच्या आतच तालीम आटपली, कारण तिसऱ्या सरदाराने मुकुटासारखं काहीतरी भिरकावून जिन्याची वाट धरली.

गुरुवारी चौथा सरदार आणि शिंपीकाका दोघेही अंथरुणाला खिळले. कुजबुजताई सेनापती झाल्या, पण तहाला पुरेसे सरदारच नसल्यानं पेला पेटीतच राहिला. शुक्रवारी राणीने, म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगितलं, "आलेच" म्हणाल्या आणि वीस मिनिटं आल्या नाहीत. पेशंटचा जबडा दुखायला लागला. शनिवारी सकाळीच मास्तरांनी डोक्याला हात लावून जाहीर केलं की आता राणीही कुजबुजच.

चार दिवसांत प्रॉम्प्टर ते सरदार, सरदार ते सेनापती, सेनापती ते राणी. इतक्या झपाट्याने बढती मंडळीच्या इतिहासात कुणाला मिळाली नव्हती, आणि ही गोष्ट लोकांच्या लक्षात आल्याशिवाय राहिली नाही.

"काय हो ताई," घड्याळवाले म्हणाले, "त्या बिस्किटांत काय घातलं होतंत?"

"लोणी, साखर, मैदा."

"नाही, म्हणजे, तुम्ही काम करता त्या… त्या तसल्या ठिकाणी. हाताला काही लागलं-बिगलं असेल."

डॉक्टरीणबाईंनी अंथरुणातून फोन करून हेच जास्त स्पष्ट सांगितलं. "हे तुझ्या लॅबमधनं आलंय. मी डॉक्टर आहे, मला कळतं."

"दातांच्या."

"पोटाची सुरुवात तिथूनच होते!" असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला, कारण पोटाने दुसऱ्या टोकाकडून बोलावलं.

कुजबुजताईंनी फोन जागेवर ठेवला. हवी असलेली भूमिका मिळाली, तीही नाव खराब होऊन. राणी म्हणून त्या उभ्या राहिल्या असत्या तर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत लोक हेच बोलले असते की हिने सहा जणांना आडवं करून सिंहासन मिळवलं. म्हणून त्या शनिवारी दुपारी पिशवीत लाल झाकणाच्या सहा बाटल्या घेऊन घरोघरी फिरल्या. हात धुऊन मागे लागल्या, असंच म्हणावं लागेल.

एका सरदाराने दार उघडलं नाही. खिडकीतून बाटली आत घेतली आणि खिडकीतूनच बाहेर दिली. दुसऱ्याने विचारलं, "यावर माझं नाव लिहिणार? तुमच्या ऑफिसात माझा मेहुणा आहे हो." म्हणून कुजबुजताईंनी नावांऐवजी भूमिका लिहिल्या. सेनापती. सरदार पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. राणी.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी रविवारी, सुट्टीच्या दिवशी, उबदार कपाट उघडलं आणि चष्मा वर केला.

"अगं, हे काय? राणीची शी?"

"ऐतिहासिक आहे, मॅडम. जपून."

सोमवारी सकाळी निकाल लागला. सहाच्या सहा बशांत फिकट, बिनरंगी ठिपके, आणि पुढच्या चाचण्यांत सगळ्यांचं एकच नाव निघालं, शिगेला. आतड्याच्या अस्तराला धरणारा हा जंतू फार मिजाशी नाही. कॉलऱ्याला माणूस पाडायला लाखोंची फौज लागते, याला दहा-वीस शिपाई पुरतात. आजारी माणसाच्या शौचातून त्याच्या हातावर, हातावरून दुसऱ्याच्या तोंडात, एवढाच त्याचा प्रवास. वाटेत साबण भेटला तर संपला. कुजबुजताईंनी सातवी बशीही ठेवली होती, स्वतःची. ती कोरी निघाली. त्यांनी ते घड्याळवाल्यांच्या दुकानात फोन करून सांगितलं आणि घड्याळवाले समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "बघा! म्हणजे हिला काहीच झालं नाही!" एकंदरीत आजारी पडलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारच्या सुट्टीत त्यांनी कागद घेतला, उभ्या-आडव्या रेघा मारल्या. एका बाजूला मंडळीतली माणसं, दुसऱ्या बाजूला मागच्या सोमवारी कोणी काय खाल्लं, काय प्यायलं. बिस्किटांचा रकाना आधी भरला, कारण तो जिव्हारी लागला होता. रंगभूषाकाराने अकरा बिस्किटं खाल्ली होती, तो ठणठणीत. मास्तरांनी चार, ठणठणीत. डॉक्टरीणबाईंनी साखर म्हणून एकही खाल्लं नव्हतं, त्या आडव्या. कुजबुजताईंनी बिस्किटांच्या रकान्यावर काट मारली, तीही पेनाचं निब मोडेल इतक्या जोरात.

मग राहिला पेला. पेल्यातून पिणारे सात. आजारी सहा. सातवा कोण? पाचवा सरदार, पोस्टमन. धडधाकट, सकाळीच त्याने प्रयोगशाळेत पत्रं टाकली होती. हा सातवा गणितात बसेना. कुजबुजताईंनी त्याला गाठलं. तो समोरच्या इमारतीत जिना चढत होता.

"तुम्ही पेल्यातून पाणी पिता ना?"

पोस्टमनने इकडेतिकडे पाहिलं. "मास्तरांना सांगू नका. दाढी डिंकानं चिकटवलेली असते हो. ओली झाली की सुटते. मी नुसता गळा हलवतो."

"आणि बोट?"

"बोटही नाही. हातमोजा पुठ्ठ्याचा आहे, भिजला तर लगदा होईल."

कुजबुजताई जिन्यात उभ्या उभ्या हसायला लागल्या. पोस्टमन घाबरला, तो आणखी एक मजला वर निघून गेला.

त्या संध्याकाळी तालमीला जाताना मात्र त्यांचं हसू ओसरलं होतं. त्यांनी हिशोब पुढे नेला होता. दोष माणसांचा नसून पेल्याचा आहे म्हटलं की पेला काढून टाकला, झालं. मग बरी झालेली राणी परत यायला आडकाठी काय? काहीच नाही. बिस्किटांचा डाग पुसला तर मुकुटही जाणार होता. गप्प राहिलं तर रोग कुठून आला ते न कळलेल्या डॉक्टरीणबाई हॉलची पायरी चढल्या नसत्या आणि रविवारी पाच वाजता, भरलेल्या थिएटरात, त्या बावीस सेकंदांवर त्यांचा हक्क होता.

गप्प राहून स्वतःला धोकाही नव्हता. पोस्टमनसारखा गळा हलवला की भागलं.

हॉलवर मास्तरांनी नवे सरदार गोळा करून ठेवले होते, शेजारचे, ओळखीचे, हाताला लागतील ते. पहिल्या जागी उभा होता कोपऱ्यावरचा बेकरीवाला, उत्साहाने फुललेला. दृश्य सुरू झालं. कुजबुजताईंनी राणीचं भाषण कुजबुजलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला, पण थांबवलं नाही. राणीने पेला उचलला, गळा हलवला, पेला पुढे दिला. बेकरीवाल्याने बाही वर केली आणि तर्जनी पेल्याच्या दिशेने नेली. त्या तर्जनीने तो पहाटे चार वाजता पीठ मळणार होता. त्याच हातांनी आठशे पाव मोजून देणार होता.

"थांबा!"

खाली पाणीपुरवठा कार्यालयाचा चौकीदार जागा झाला. हॉलमधली कबुतरं उडाली. बेकरीवाल्याचं बोट हवेत तसंच राहिलं.

"हात मागे घ्या! त्या पेल्यात कुणाचंही बोट जाणार नाही!"

मग मास्तर हळूच म्हणाले, "कुजबुज, हा आवाज एकोणीस वर्षं कुठे ठेवला होतास?"

"मास्तर, पेल्यात शिगेला आहे."

"कोण आहे?"

मग त्यांनी रेघांचा कागद उघडला आणि सगळं सांगितलं, पाळणाघरापासून दाढीपर्यंत. पोस्टमनने मान खाली घातली. मास्तरांना साथीपेक्षा त्या न प्यायलेल्या घोटाचं दुःख जास्त झालं. "महिनाभर नुसता गळा?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. घड्याळवाले मात्र पेला छातीशी धरून बसले. पुरावा आणा म्हणाले. कुजबुजताईंनी पेल्यातलं पाणी लाल झाकणाच्या बाटलीत घेतलं. पेला महिन्यात पहिल्यांदा रिकामा झाला. तळाशी एक दाढीचा केस, दोन खिळे आणि अर्धं बिस्किट निघालं.

बुधवारी प्रयोगशाळेच्या कागदावर उत्तर आलं. पाण्यात शिगेला काही सापडला नाही, पाण्यातून तो सहसा सापडतही नाही. पण माणसाच्या आतड्यात राहणारे इतर जंतू इतके होते, की बशीत मोजायला जागा उरली नाही. मॅडमनी शेरा मारला, 'पिण्यास अयोग्य. बुडवण्यासही.' घड्याळवाल्यांनी तो दोनदा वाचला आणि कुजबुजताईंना म्हणाले, "बिस्किटं चांगली होती हो. मी सात खाल्ली."

डॉक्टरीणबाई औषधाने मंगळवारीच उठून बसल्या होत्या. बुधवारी त्यांनी फोन केला, आवाज जरा नरम. "ऐकलं मी पेल्याचं. बोलले ते मागे घेते. आता काम परत करशील?"

"दोन नमुने. चोवीस तासांच्या अंतरानं. दोन्ही स्वच्छ आले तर."

"पेला तर गेला ना आता?"

"पेला गेला. नळ तोच आहे, दाराची कडी तीच आहे आणि तुम्ही राणी आहात, सगळे तुमचा हात धरणार. दोन नमुने."

पहिला नमुना शुक्रवारी स्वच्छ आला. दुसऱ्याची बशी शनिवारी सकाळी कुजबुजताईंनीच कपाटातून काढली, कारण ते त्यांचंच काम होतं. खिडकीपाशी गेल्या. बशी उजेडात धरली. गुलाबी ठिपके. सगळे गुलाबी. त्यांनी बशी फिरवली. एक फिकट ठिपका हवा होता, फक्त एक, आणि प्रयोगाला एक दिवस राहिला होता. त्यांनी भिंग आणलं. मग चष्मा पुसून पुन्हा भिंग. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय शोधतेस एवढं?"

"काही नाही."

"मग?"

"तेच. काही नाही." आणि त्यांनी 'राणी'समोरच्या रकान्यात लिहिलं, 'आढळला नाही.' अक्षर नेहमीसारखंच आलं. हात धुताना मात्र त्या दिवशी त्यांनी सेकंद मोजले.

पेल्याचा प्रश्न उरला होता. नवा पेला आणा म्हटलं तर घड्याळवाल्यांच्या डोळ्यांत पाणी. मास्तर म्हणाले, पेला हवाच, पण रिकामा, आणि सगळ्यांनी पोस्टमनसारखा नुसता गळा हलवायचा. हे म्हणताना त्यांना फार जड गेलं. तरी हाताळायचा तर होताच. म्हणून कुजबुजताई पेला घरी घेऊन गेल्या आणि सासूबाईंचा सात लिटरचा कुकर काढला.

"त्यात काय शिजवतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"तह."

"आणि मग त्यात मी उद्या काय शिजवू?"

"काहीही शिजवा. उद्या शहरात याच्याइतकं स्वच्छ भांडं नसेल."

"तू त्या भांड्यात काय घातलंयस ते माझ्या डोळ्यांदेखत घातलंयस. मी त्याला आता हात लावणार नाही."

नवरा पेपरमागून म्हणाला, "शिट्ट्या किती?"

"पाच."

"नरम होईल हं."

पाच शिट्ट्यांनंतर झाकण उघडलं तेव्हा पाणी सोनेरी झालं होतं आणि पेल्यावर रंगाचा टिपूस नव्हता. राजघराण्यातला पेला पांढऱ्या धातूचा निघाला, दोन कानांचा, आणि पोटावर कोरलेलं होतं: 'पोत्यांची शर्यत. लहान गट. द्वितीय क्रमांक.' खाली एक नाव होतं. घड्याळवाल्यांचं.

"तिसरीत होतो," रविवारी दुपारी घड्याळवाले विंगेत पुटपुटले. "आयुष्यात तेवढंच मिळालंय." रंग द्यायला वेळ नव्हता. मास्तरांनी त्यांना कोरलेली बाजू मागे ठेवून पेला मांडायला बजावलं आणि पडदा वर गेला.

पहिला अंक छान गेला. शिंपीकाका दोन स्वच्छ नमुन्यांनिशी परत आले होते, चार किलोंनी हलके, त्यामुळे सेनापतीचा पट्टा मागे पिनेने धरला होता. कुजबुजताई स्टुलावर, मांडीवर वही. दुसऱ्या अंकात राणी उठली, पेला उचलला आणि गरजली, "हात पुढे करा, सरदारहो!"

पेला तिच्या हातात फिरला. कोरलेली बाजू तिच्याकडे आली. त्या कोरलेल्या अक्षरांबद्दल डॉक्टरीणबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वाचलं. डोळे मोठे झाले. पुन्हा वाचलं. घड्याळवाल्यांचं नाव वाचलं. आणि त्यांच्या नाकातून एक आवाज आला जो कुठल्याही राणीने तहाच्या वेळी काढलेला नसावा.

त्यांनी पटकन प्रेक्षकांकडे पाठ केली. खांदे गदगदत होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला, त्यांना वाटलं राणी रडतेय. शांतता. दोन सेकंद, चार, सहा. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

कुजबुजताईंनी वाक्य पुरवलं. नेहमीसारखं, कुजबुजत. म्हणजे त्यांना तसं वाटलं. पण सोमवारपासून तो आवाज विंगेत थांबायचं विसरला होता.

"तहाला बसण्याआधी मला तुमचे हात पाहायचे आहेत!"

बाल्कनीतलं मूल रडायचं थांबलं. सहा हात एकदम पुढे आले, पुठ्ठ्याच्या हातमोज्यासकट. डॉक्टरीणबाई पाठमोऱ्याच राहिल्या, पण त्यांनी पेला हळूहळू वर न्यायला सुरुवात केली, जणू हे असंच बसवलेलं होतं. आता मागे फिरायला जागा नव्हती. कुजबुजताईंनी वही मिटली. तलवारीचे घट्टे, लगामाची बोटं, सगळं त्या बोलल्या, स्टुलावर बसून, अंधारात, पूर्ण घशाने. "पण ज्या हातानं पाठीत सुरा खुपसला, तो हात या पेल्याजवळ येणार नाही!" पहिल्या सरदाराच्या जागी अजून उभा असलेला बेकरीवाला पहिल्यांदाच रंगमंचावर होता, त्याने घाबरून खरंच हात मागे घेतला. थिएटर टाळ्यांनी दणाणलं.

मध्यंतरात डॉक्टरीणबाई विंगेत आल्या, डोळ्यांचं काजळ गालावर ओघळलेलं. "पुढच्या प्रयोगाला तू बाहेर उभी राहा," त्या म्हणाल्या. "मी इथे बसून हसते." आणि पुन्हा सुरू झाल्या.

सोमवारी साडेआठला खिडकी उघडली. रांगेतल्या पहिल्या माणसाने दोन पिशव्यांतली बाटली पुढे केली, वर पाहिलं आणि थबकला.

"काल ते नाटकात आतून बोलत होतं… ते तुम्हीच का?"

"बाटलीवर नाव लिहिलंय का?"

"लिहिलंय."

"भरल्यावर हात धुतलेत?"

त्याने दोन्ही हात पुढे करून दाखवले. कुजबुजताईंनी बाटली घेतली, नोंद केली, तारेच्या टोकावर कणभर नमुना बशीत पसरला, बशी कपाटात ठेवली. मग बेसिनपाशी जाऊन साबण घेतला आणि सुरुवात केली.

आतल्या खोलीतून मॅडम ओरडल्या, "अगं, हळू!"